मुलाची भाषा: सनद आणि वहिवाट

मेहकर असो, चिखली असो की मलकापूर, बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी दोन-अडीच वर्षांचे मूल घरात असलेल्या पालकांशी घटकाभर बोलत बसले, तर मुलाच्या भाषेविषयीच्या दोन काळज्या एकाच माणसाच्या तोंडून ऐकू येतात. एक अशी की, मुलाला भाषा आपण पद्धतशीर शिकवली पाहिजे, नाहीतर ते मागे पडेल. आणि दुसरी अशी की, ज्या वऱ्हाडीत आपण रागावतो, हसतो आणि बाजारात भाव ठरवतो ती मात्र त्याच्या कानावर पडू नये, नाहीतर ते बिघडेल. मोठी माणसे जेवढे देतील तेवढेच मूल घेते, हे गृहीत या दोन्ही काळज्यांच्या मुळाशी आहे. गेल्या सहा-सात दशकांत भाषाशास्त्रातील ज्या विचाराने या गृहीतालाच हात घातला, तो जन्मजातवाद पालकांनी, अंगणवाडी सेविकांनी आणि प्राथमिक शिक्षकांनी समजून घेण्यासारखा आहे. कारण तो एकदा नीट उमगला म्हणजे घरात काय करावे आणि काय करू नये याचा निर्णय पुष्कळच सोपा होतो.

1957 साली अमेरिकेतील वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी असे प्रतिपादन केले की, भाषा ही इतर सवयींसारखीच एक सवय असून अनुकरण, पुनरावृत्ती आणि शाबासकी यांच्या योगाने ती अंगी बाणते. त्यावर दोनच वर्षांनी नोम चॉम्स्की या तरुण भाषाशास्त्रज्ञाने जे सविस्तर परीक्षण लिहिले, ते मूळ ग्रंथापेक्षा अधिक गाजले. त्याच्या पुढील लेखनातून विकसित झालेल्या युक्तिवादाचा गाभा असा की, मुलाच्या कानावर पडणारे बोलणे तुटक, अर्धवट आणि चुकांनी भरलेले असते, नियम त्याला कोणी समजावून देत नाही, चूक झाली तरी बहुधा कोणी ती दाखवीत नाही, आणि तरीही चार-पाच वर्षांच्या आत प्रत्येक निरोगी मूल आपल्या भाषेचे गुंतागुंतीचे व्याकरण आत्मसात करते. मिळणारी सामग्री तुटपुंजी आणि होणारी निष्पत्ती विपुल, तेव्हा मधली तूट भरून काढणारे काहीतरी मुलाने जन्मतःच बरोबर आणलेले असले पाहिजे. हे जे काही आहे ते मराठीचे किंवा इंग्रजीचे नव्हे, तर मानवी भाषामात्राचे आहे. त्याला चॉम्स्कीने सार्वत्रिक व्याकरण असे नाव दिले.

याचा पुरावा पाहण्यासाठी परदेशी ग्रंथांकडे धाव घेण्याची गरज नाही. तीन वर्षांचे मूल 'मी केलं' असे म्हणण्याऐवजी 'मी करलं' असे म्हणते, हे कोणत्याही आईला ठाऊक आहे. पण घरात 'करलं' असे म्हणणारे कोणीच नसताना ते मुलाने आणले कोठून, असा प्रश्न मात्र फारसे कोणी विचारीत नाही. धरलं, भरलं, सरलं, हरलं हे ऐकता ऐकता मुलाने त्यांतील नियम मनोमन काढलेला असतो आणि तो बिनदिक्कत 'कर'ला लावलेला असतो. ही चूक अनुकरणाची नव्हे, बुद्धीची आहे; किंबहुना जिला आपण चूक म्हणतो तो मुलाला व्याकरण येऊ लागल्याचा दाखलाच होय.

दुसरे उदाहरण याहून मौजेचे आहे. 'माय भाकर करते', पण 'मायनं भाकर केली'. 'बाप पाणी आणतो', पण 'बापानं पाणी आणलं'. पहिल्या वाक्यात क्रियापद कर्त्याच्या मागे जाते, दुसऱ्यात कर्माच्या. पायरीवर बसून शेंगा सोलणाऱ्या आजीशेजारी खेळणारे साडेतीन-चार वर्षांचे मूल ही कर्तरी-कर्मणीची फिरवाफिरव दिवसाकाठी कितीतरी वेळा, न अडखळता, करीत असते. आणि तेच मूल पुढे माध्यमिक शाळेत गेले की 'प्रयोग ओळखा' या प्रश्नात हमखास गुण घालवते! जे त्याला येते ते त्याला सांगता येत नाही, आणि जे शाळेत सांगितले जाते त्यावाचून त्याचे कधी अडलेले नसते. 'रामानं शामले आपल्या घरी नेलं' या वाक्यातले घर कोणाचे, शामचे की रामाचे, हे वऱ्हाडातल्या कोणत्या आईने आपल्या लेकराला कधी समजावून सांगितले आहे?

आपल्याकडच्या शास्त्रकारांनीही या प्रश्नाचा विचार केला होता, आणि त्यांच्यातही दोन पक्ष होते. मीमांसक म्हणत की, एक वडीलधारा दुसऱ्याला गाय आणावयास सांगतो, मग बांधावयास सांगतो, मग घोडा आणावयास सांगतो, आणि हे शब्द व या क्रिया शेजारी बसून निरखणारे मूल कोणता शब्द गेल्यावर कोणती वस्तू बदलली यावरून अर्थाची निवड करते. यास ते वृद्धव्यवहार म्हणत. वैयाकरण भर्तृहरी मात्र वाक्यपदीयात शब्दभावनेची गोष्ट करतो: भाषेचा संस्कार मुलाच्या ठायी आधीच असतो, आणि त्याच्या मते तो पूर्वजन्मापासून चालत आलेला असतो. आधुनिक विद्येला जे जे सापडते ते आपल्या पूर्वजांनी आधीच सांगून ठेवले होते, असा डांगोरा पिटण्याची मला हौस नाही. पूर्वजन्म आणि आनुवंशिकता या एक गोष्टी नव्हेत. पण प्रश्न जुना आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आपल्या भाषेत नावे आहेत, एवढे ठाऊक असलेले बरे.

आता व्यवहाराकडे येऊ. ज्यांच्या घरी जुन्या पाटिलकीची किंवा देशमुखीची कागदपत्रे अद्याप पेटीत असतील, त्या वऱ्हाडी वाचकांना जन्मजातवादाचे मर्म असे सांगता येईल की, भाषाशक्ती ही मुलाला जन्मतः मिळालेली सनद आहे; परंतु सनद कितीही अस्सल असली तरी जमिनीवर वहिवाट नसेल आणि मुदत टळून गेली असेल, तर त्या कागदाचा उपयोग काय होतो हे तहसिलीच्या आवारात हेलपाटे घातलेल्या माणसाला वेगळे सांगावयास नको. बोलत्या माणसांचा सहवास ही मुलाची वहिवाट. ती नसली तर काय होते, याची एक हकीकत अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल याने लिहून ठेवली आहे. ज्याच्या आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे आणि आपल्या लोणारचेही वर्णन आढळते, त्याच अबुल फजलने अकबरनाम्यात सांगितले आहे की, मुलांची उपजत भाषा कोणती हे पाहण्यासाठी बादशहाने काही तान्ह्या मुलांना एका निराळ्या वास्तूत ठेवविले आणि त्यांच्याशी कोणी एक शब्दही बोलू नये असा हुकूम दिला. काही वर्षांनी बादशहा तेथे गेला तेव्हा मुलांच्या तोंडून मुक्या माणसांच्या आवाजापलीकडे काहीही निघाले नाही. त्या वास्तूला लोक गुंग महल, म्हणजे मुक्यांचा महाल, म्हणू लागले. प्रयोग क्रूर होता. त्याने सिद्ध झाले ते एवढेच की, उपजत भाषा नावाची तयार वस्तू नसते, उपजत असते ती भाषा घेण्याची शक्ती.

मुदतीची गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. एरिक लेनेबर्ग याने 1967 साली असा सिद्धान्त मांडला की, पहिली भाषा पूर्णत्वाने आत्मसात होण्याचा काळ बाल्यापासून पौगंडावस्थेपर्यंतचा असतो, आणि तो उलटल्यावर ती शक्ती ओसरते. त्या मर्यादेविषयी मतभेद आहेत. पण काही दारे त्याहून कितीतरी आधी अर्धवट मिटू लागतात. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी घरातील सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना हिंदीतील दंत्य त आणि मूर्धन्य ट यांतील भेद ओळखता येत होता, आणि वर्षाच्या सुमारास तो येईनासा होऊ लागला होता. कारण उघड आहे: त्यांच्या घरात त्या भेदाची वहिवाट नव्हती. आपल्या घरातील मूल मात्र त्याच वयात टोपली आणि तोंड यांच्या पहिल्या अक्षरांतील अंतर पक्के करीत असते, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून 'अजून बोलत नाही, मग त्याच्याशी काय बोलायचे' हे म्हणणे सर्वांत घातक. मालीश करताना, न्हाऊ घालताना, चुलीजवळ किंवा शेताच्या बांधावर, आपल्याला सुचेल ते, सुचेल त्या बोलीत, त्या तान्ह्याशी बोलत राहावे, आणि त्याने हुंकार दिला की थांबून त्याची पाळी त्याला द्यावी.

जन्मजातवाद सर्वांनाच मान्य आहे असे वाचकांनी समजू नये. 1996 साली जेनी सॅफ्रन आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, आठ महिन्यांची मुले सलग ध्वनिप्रवाहातून कोणत्या अक्षरापुढे कोणते अक्षर वारंवार येते याचा हिशेब आपोआप ठेवतात. मायकेल टोमासेलोसारखे अभ्यासक तर म्हणतात की, व्याकरणाचा खास जन्मजात साठा मानण्याची गरजच नाही, दुसऱ्याचा हेतू ओळखण्याची मानवी शक्ती पुरेशी आहे. हा वाद मिटलेला नाही. माझे स्वतःचे मत असे की, सनदेत किती कलमे आहेत यावर पंडितांनी खुशाल भांडावे. सनद आहे आणि वहिवाटीवाचून ती चालत नाही, एवढ्यावर दोन्ही पक्षांचे एकमत असल्यामुळे पालकाचे कर्तव्य बदलत नाही.

ते कर्तव्य कोणते? पहिले हे की, जी भाषा आपली पूर्ण आहे तीच मुलाशी बोलावी. 'मले', 'तुले', 'काय करून राहिला' असे घरभर बोलले जात असताना मुलाशी तेवढी ओढूनताणून पुस्तकी मराठी बोलणे, किंवा 'कम', 'सिट', 'नो' एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर त्याला इंग्रजीत वाढवू पाहणे, म्हणजे भरलेले कोठार कुलूपबंद ठेवून मूठभर उसने धान्य रांधण्यासारखे होय. मुलाची शक्ती संपूर्ण भाषेवर पोसली जाते. रुसवा, थट्टा, अटी, सबबी, गोष्टी, म्हणी हे सारे जिच्यात सहज येते अशी भाषा त्याला हवी असते. वऱ्हाडी ही तशी संपूर्ण भाषा आहे, तिला स्वतःचे व्याकरण आहे, आणि ज्या मुलाचा वऱ्हाडीचा पाया पक्का आहे त्याला प्रमाण मराठी शाळेत येते आणि इंग्रजीही येते. घरात दोन भाषा असतील तर त्याही बोलाव्यात. मूल काही दिवस दोहोंची सरमिसळ करील. तो गोंधळ नसून दोन्ही दारांनी ये-जा चालू असल्याचे चिन्ह आहे.

दुसरे, 'करलं'सारख्या चुकीवर मुलाला थांबवून तीनदा 'केलं म्हण' असे वदवून घेऊ नये. 'हो, तू केलं ना, आणि मग काय केलं?' असे म्हणून बोलणे पुढे न्यावे. योग्य रूप कानावर पडते, मुलाचा बोलण्याचा हुरूप टिकतो, आणि नियमाला अपवाद असतो ही गोष्ट त्याला यथाकाल आपोआप कळते. तिसरे मोबाईलविषयी. सिएटलमधील पॅट्रिशिया कूल यांनी 2003 साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन मुलांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ऐकणाऱ्या मुलांना तिच्यातील ध्वनिभेद उमगले, तीच भाषा पडद्यावरून ऐकणाऱ्यांना उमगले नाहीत. जेवताना मुलाच्या हाती मोबाईल देणाऱ्याने घास भरवला असेल, भाषा भरवली नाही.

शिक्षकांसाठी एक स्वतंत्र सूचना आहे. वऱ्हाडाच्या बऱ्याच भागात ळ या ध्वनीच्या जागी य येतो. डोळ्याचा डोया होतो, शाळेची शाया होते. बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या शिक्षकाला हा वाणीचा दोष वाटण्याचा संभव असतो, आणि मग त्या मुलाला वर्गासमोर उभे करून ळ घोटवण्याचा शिरस्ता सुरू होतो. कसोटी सोपी आहे: मुलाची आजी तो शब्द कसा उच्चारते ते ऐकावे. आजी आणि नातू सारखेच बोलत असतील तर ती बोली आहे, दोष नव्हे. घरातील सर्वजण एक ध्वनी स्पष्ट उच्चारतात आणि सहा-सात वर्षांचे झाल्यावरही एकट्या मुलालाच तो येत नाही, असे असेल तर मग वाचा-उपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. वाचनात ळ शिकवावा, लेखनात तो मागावा. पण घरच्या उच्चाराची हेटाळणी करू नये.

हीच गोष्ट सातपुड्याच्या पायथ्याशी अधिक गंभीर रूप धारण करते. जळगाव जामोद तालुक्यात जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा या परिसरात निहाल समाजाची निहाली ही भाषा बोलली जाते, आणि आपल्या जिल्ह्यातील बहुसंख्य सुशिक्षितांना याची खबरही नसते की, साऱ्या जगात दुसऱ्या कोणत्याही भाषेशी जिचे नाते सिद्ध झालेले नाही अशा दुर्मीळ भाषांपैकी ती एक आहे. शेजारची कोरकू ही मुंडा कुळातील, मराठी आर्य कुळातील. निहाली या दोहोंची नव्हे, द्राविडीही नव्हे. तिने कोरकूकडून शब्दांची भरपूर उसनवारी केली आहे, दोन, तीन, चार या संख्यांची तिची नावे द्राविडी वळणाची आहेत, मराठी-हिंदीचे शब्दही तिच्यात आहेत. परंतु हे सारे बाजूला काढल्यावर जे उरते त्याचे मूळ कोणालाच लावता आलेले नाही. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या 1906 सालच्या चौथ्या खंडात तिची नोंद कोरकूच्या बरोबरीने झाली, 1962 साली कॉयपर या डच पंडिताने तिच्यावर स्वतंत्र प्रबंध लिहिला, आणि अलीकडे म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने के. एस. नागराज यांचे तिच्यावरील पुस्तक प्रसिद्ध केले; भाषाशास्त्रज्ञ शैलेंद्र मोहन यांनीही तिच्या दस्तऐवजीकरणाचे काम केले आहे. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. सरकारी दफ्तरात निहालांची गणना अनुसूचित जमातींच्या यादीतील कोरकूच्या नोंदीतच होते, आणि दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा जनगणना 1971 पासून स्वतंत्रपणे छापतच नाही. त्यामुळे भाषा म्हणून तिला कागदावर जणू अस्तित्वच नाही.

आता जन्मजातवादाच्या दृष्टीने पाहा. कुळ नाही, लिपी नाही, पाठ्यपुस्तक नाही, व्याकरण शिकवणारा गुरुजी नाही. आणि तरीही ती पिढ्यान्‌पिढ्या केवळ मुलांच्या कानांतून चालत आली. मुलाची सनद कुळाचा भेद करीत नाही. बुलढाण्यातील वकिलाचे तान्हे मूल सोनबर्डीच्या निहाल घरात वाढले तर ते निहाली बोलेल, आणि निहालाचे मूल वकिलाच्या घरी वाढले तर ते वकिलाची मराठी बोलेल. निहाल माणसे बहुधा कोरकूही जाणतात आणि मराठी-हिंदीही, म्हणजे तेथील मूल तीन भाषांच्या वहिवाटीत वाढू शकते, आणि कोणत्याही मुलाच्या बुद्धीला ते ओझे नाही. पण घरातील मोठ्यांनी 'शाळेत अडेल' म्हणून मुलाशी निहाली बोलणे सोडले, तर कोणत्याही भाषेला नाहीसे व्हावयास एक पिढी पुरते. हुकूम काढावा लागत नाही. म्हणून त्या गावांतील पालकांना आग्रहाने सांगणे आहे की, आजी-आजोबांनी तरी नातवंडांशी निहालीच बोलावे. मराठी रस्त्यावर, बाजारात आणि शाळेत आहेच, ती येणारच आहे. आणि तेथील सेविकेने व शिक्षकाने पहिल्या काही महिन्यांत मुलाच्या भाषेतील पाणी, भूक, शौच, दुखते, घरी जायचे एवढे शब्द तरी स्वतः शिकून घ्यावेत, ते देवनागरीत वहीत टिपून पुढच्या शिक्षकाच्या हवाली करावेत, वरच्या वर्गातील एखाद्या मुलाला दुभाषा म्हणून जवळ बसवावे, आणि गप्प बसणाऱ्या नव्या मुलाला मतिमंद ठरवण्याची घाई कदापि करू नये. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे असे म्हटले आहे. निहालीत पुस्तके निघेपर्यंत गोष्ट तोंडी सांगण्यास आणि ऐकण्यास कोणाची आडकाठी नाही.

राहिला तो सर्वांत निकडीचा विषय: कान. मूल बोलत नाही म्हटले की आपल्याकडे जिभेवर वेखंड उगाळून लावतात, किंवा 'याचा बापही उशिराच बोलला' म्हणून स्वस्थ बसतात. पण वाचा ही आधी जिभेची बाब नसून कानाची आहे. कानाने वहिवाट बंद असेल तर सनद तशीच पडून राहते. मोठ्या आवाजाने तान्हे मूल दचकत नाही, सहा महिन्यांचे झाले तरी आवाजाच्या दिशेने वळत नाही, वर्षाच्या आसपास बा-बा, दा-दा असे अक्षरांचे खेळ करीत नाही, दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नाही: यांपैकी काहीही आढळले तर प्रथम श्रवणतपासणी करून घ्यावी. थाळी वाजवून पाहण्यावर विसंबू नये. मूल थाळीकडे पाहून किंवा तिच्या कंपनानेही वळते, आणि कमी ऐकू येणाऱ्यालाही थाळीचा दणदणाट ऐकू येतोच. कान वाहत असेल तर गरम तेल घालू नये, डॉक्टरांना दाखवावे. वारंवार कान फुटणाऱ्या मुलाचे ऐकणे नेमके भाषेच्या वयात मंदावते.

पूर्ण बहिऱ्या मुलाचीही सनद शाबूत असते, हे निकाराग्वा देशात दिसून आले. मानाग्वा येथे 1970 च्या दशकाच्या अखेरीस बहिऱ्या मुलांची शाळा निघाली. शिक्षक ओठवाचनातून स्पॅनिश शिकवू पाहत होते आणि मुले मैदानात आपापल्या घरगुती खुणा एकत्र आणून एक नवीच भाषा घडवीत होती. मागाहून आलेल्या लहान मुलांनी तिला वडील मुलांपेक्षा अधिक नियमबद्ध केले. तेव्हा 'खुणा शिकवल्या तर बोलायला शिकणार नाही' ही भीती सोडून द्यावी. ऐकण्याचे यंत्र बसवावयाचे असो वा नसो, मुलाला पहिल्या वर्षापासून डोळ्यांनी तरी भाषा मिळाली पाहिजे, आणि आईबापांनीही ती सांकेतिक भाषा त्याच्याबरोबर शिकली पाहिजे.

तपासणीसाठी 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा येतात; त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये आणि शंका असेल ती स्पष्ट सांगावी. पथकाने चिठ्ठी दिली की ती घेऊन बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जावे आणि 'बेरा' या श्रवणतपासणीविषयी विचारावे. जन्मतः बहिऱ्या मुलासाठी कॉक्लिअर यंत्राची शस्त्रक्रिया दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून होऊ शकते, पण त्या योजनेतील वयोमर्यादा पाच वर्षांपर्यंतची आहे. तिची व्यवस्था मुंबईची अली यावर जंग ही वाक्-श्रवण संस्था पाहते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत वाट पाहू नये, आणि मुलाच्या जन्माचा दाखला, उत्पन्नाचा दाखला व प्रत्येक तपासणीचा कागद एकाच पिशवीत ठेवावा. कामासाठी परगावी जावे लागले तर ती पिशवी बरोबर न्यावी.